मळ्यातील वस्ती (कोल्हापूर परिसर)

गावठाण सोडून स्वतःच्या रानात घर, गोठा व विहिरीसह कायम राहणाऱ्या शेतकरी कुटुंबाचे ठिकाण. पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या खोऱ्यांत अशा वस्त्या विशेष आढळतात.

त्यांच्या उगमाविषयी दोन मते आहेत. मोटेच्या बागायतीसाठी विहिरीजवळ खोप (झोपडी) घालून राहण्याची रीत जुनी असून आजची वस्ती हा तिचाच विस्तार होय, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार राखणीची हंगामी खोप वेगळी आणि पोराबाळांसह हलवलेले बिऱ्हाड वेगळे. बिऱ्हाड हलायला बारमाही पाणी व जमिनीची शाश्वती लागते. शाहू महाराजांनी हाती घेतलेले राधानगरी धरण स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा सरताच बरगे (अडसराच्या फळ्या) घालून पाणी अडवले जाऊ लागले आणि सहकारी उपसा योजनांनी ते माळावर चढले. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कुळांना मालकी दिली. हा क्रम पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बहुतेक वस्त्या १९६० च्या आगेमागे किंवा नंतरच्या असाव्यात. भाऊवाटणीत गावातले घर अपुरे पडणे हेही कारण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

मुख्य पीक ऊस. पण घर चालते दुधावर. उसाचे बिल तोडणीनंतरच येते, दुधाचे बिल दर दहा दिवसांनी. दोन वेळची धार चुकत नाही, म्हणून लग्नकार्यालाही घरातले एक माणूस मागे राहते, आणि ते बहुधा बाईमाणूस असते. वैरण, भांगलण (खुरपणी), शेणघाण तिच्याच अंगावर पडते. सातबाऱ्यावर नाव मात्र क्वचित. रात्रपाळीची वीज आली की बॅटरी व काठी घेऊन उसाला पाणी पाजायचे. सरीत पाऊल टाकण्याआधी पाल्यावर काठी आपटायची, कारण भीती सापाची. राधानगरी, भुदरगड, आजऱ्याकडे गव्यांचा उपद्रव असतो. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत नदीकाठच्या वस्त्यांना जनावरे हलवण्याचा प्रश्न माणसांइतकाच बिकट झाला.

मोबदल्यात उसाचे वाडे (शेंड्याचा हिरवा पाला) वैरणीला, शेणखत रानाला, परड्यातली भाजी घरात आणि पोरांना निरसे दूध मिळते. शेणी चुलीला पुरून उरतात. कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानभूमीसाठी त्या दान देण्याची प्रथा आहे.

डोंगरी भागातील धनगरवाडे ही स्वतंत्र वसाहतपद्धती असून तिचा येथे समावेश केलेला नाही.