साव्रासोव, अलेक्सेय कोंद्रात्येविच

(२४ मे १८३० – ८ ऑक्टोबर १८९७). रशियन निसर्गचित्रकार व कलाशिक्षक. रशियातील भावगर्भ निसर्गचित्रणाचा प्रारंभ त्याच्यापासून मानला जातो. जन्म मॉस्को येथे, एका व्यापारी कुटुंबात. अगदी लहान वयात त्याने गॉश (अपारदर्शक जलरंग) रंगांत काढलेली दृश्ये बाजारात खपत असत. १८४४ मध्ये तो मॉस्कोच्या चित्र-शिल्प विद्यालयात दाखल झाला आणि कार्ल राबुस याच्या हाताखाली शिकून १८५० मध्ये बाहेर पडला. युक्रेनमधील गवताळ मैदाने त्याने रंगवली. पुढे सेंट पीटर्झबर्गजवळील ओरानिएनबाउम परिसराच्या चित्रासाठी १८५४ मध्ये, चोविसाव्या वर्षीच, त्याला कला अकादमीने ‘अकादमिशियन’ हा किताब दिला. १८५७ मध्ये राबुसच्या निधनानंतर विद्यालयातील निसर्गचित्रणाचा वर्ग त्याच्याकडे आला.

सुरुवातीची त्याची चित्रे त्या काळाच्या रिवाजाला धरून आहेत: झाकोळलेले आकाश, झंझावात, भव्य कडे. १८६२ मध्ये तो इंग्लंड व स्वित्झर्लंडला गेला. स्विस चित्रकार अलेक्सान्द्र कालाम याच्या डोंगरदृश्यांची छाप काही काळ त्याच्यावर होती. ती चित्रे सफाईदार असली तरी आज फारशी आठवली जात नाहीत. ‘सोकोल्निकीतील लोसिनी ओस्त्रोव’ (१८६९) या चित्रात मात्र तो घराजवळच्या ओलसर कुरणाकडे, गुरांकडे आणि पाइन वृक्षांकडे वळला.

१८७०-७१ च्या हिवाळ्यात तो सहकुटुंब व्होल्गाकाठी यारोस्लाव्हल येथे राहत होता. तेथे त्याची तान्ही मुलगी दगावली. त्यानंतरच्या वसंतात कोस्त्रोमा प्रांतातील मोल्वितिनो (आजचे सुसानिनो) या गावी त्याने अभ्यासचित्रे काढली आणि त्यांतून ‘ग्राच परतले’ (१८७१) हे चित्र उभे राहिले. ग्राच हा कावळ्याच्या कुळातला पक्षी. मार्चमध्ये तो परतला की थंडी सरली, असे रशियात समजतात. चित्राचा विषय एवढाच. पुढे मळकट, वितळू लागलेला बर्फ आणि पाण्याचे डबके. वाकड्यातिकड्या, किडकिड्या बर्च वृक्षांवर घरटी व पक्ष्यांची लगबग. मागे कुंपण, गावच्या चर्चचा निमुळता घंटामनोरा आणि त्यापलीकडे ओसाड सपाट शेते. प्रेक्षकाचे लक्ष वेधून घेणारा एकही ‘रम्य’ घटक त्यात नाही. तरीही आकाशातील निळसर फट, बर्फावर पडलेल्या झाडांच्या फिकट सावल्या आणि करड्या-तपकिरी रंगांच्या बारीक छटा यांतून ऋतू पालटत असल्याचे जाणवते. जेमतेम ६२ × ४८.५ सेंमी.चा हा कॅनव्हास आहे. त्याची छायाचित्रे पाहिलेल्यांना तो याहून बराच मोठा वाटतो.

फिरत्या प्रदर्शनांच्या चित्रकारांनी (पेरेद्विझ्निकी) १८७० मध्ये संस्था स्थापन केली, तेव्हा साव्रासोव संस्थापकांपैकी एक होता. १८७१ च्या अखेरीस सेंट पीटर्झबर्गला भरलेल्या त्यांच्या पहिल्या प्रदर्शनात ‘ग्राच परतले’ हे चित्र मांडले गेले. इव्हान शिश्किनसारख्या निसर्गचित्रकारांची चित्रे शेजारी असताना चित्रकार क्राम्स्कोय याने एका पत्रात निर्वाळा दिला, की बाकीच्यांकडे झाडे, पाणी, हवासुद्धा आहे, पण आत्मा फक्त या एका चित्रात आहे. मॉस्कोचा कलासंग्राहक पाव्हेल त्रेत्याकोव याने ते आपल्या संग्रहासाठी घेतले. त्यानंतरच्या ‘गाडीवाट’ (१८७३) या चित्रात पाऊस नुकताच ओसरलेला, चिखलाने भरलेला रस्ता आहे. चिखलावर पडलेल्या उजेडाचे इतके प्रेमाने केलेले निरीक्षण त्याआधीच्या रशियन चित्रकलेत सहसा आढळत नाही. ‘इंद्रधनुष्य’ (१८७५) हेही त्याच सुफल काळातले.

शिक्षक म्हणून त्याने सुमारे पंचवीस वर्षे काम केले. इसाक लेव्हितान आणि कॉन्स्टान्टिन कोरोविन हे त्याचे सर्वांत गाजलेले विद्यार्थी. वर्गात नमुने गिरवून घेण्यापेक्षा मुलांना बाहेर पिटाळण्यावर त्याचा भर असे. कोरोविनच्या आठवणींनुसार, वसंत आला, डबकी साचली, चिमण्या चिवचिवू लागल्या, आता जाऊन रंगवा, अभ्यास करा आणि मुख्य म्हणजे अनुभवा, असे तो सांगे. तंत्राची शिस्त त्याला ठाऊक नव्हती असे नाही. राबुसकडे ती त्याने पुरती घेतली होती. पण भावनेशिवाय तंत्र पोकळ राहते, हे त्याने विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवले. लेव्हितानच्या चित्रांत तेच पुढे अधिक परिपक्व होऊन आले.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचा संसार मोडला आणि दारूचे व्यसन बळावले. १८८२ मध्ये विद्यालयातील नोकरी गेली. उरलेली वर्षे त्याने मॉस्कोतील भाड्याच्या खोल्यांत व गरिबांच्या वस्तीत काढली. पोटासाठी तो ‘ग्राच परतले’च्याच आवृत्त्या काढून दलालांना कवडीमोलाने विके. त्यामुळे या काळातील कामाचा दर्जा फार असमान आहे. मॉस्कोतील गरिबांच्या रुग्णालयात त्याचे निधन झाले. दफन व्हागान्कोव्हो दफनभूमीत. लेव्हितानने मृत्युलेखात लिहिले, की निसर्गचित्रणात काव्यात्मता आणि मायभूमीविषयीचे अपार प्रेम साव्रासोवपासून आले. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, लेव्हितान स्वतः त्याच विद्यालयात निसर्गचित्रण शिकवू लागला.

साव्रासोवची प्रमुख चित्रे मॉस्कोच्या त्रेत्याकोव कलादालनात असून काही सेंट पीटर्झबर्गच्या रशियन संग्रहालयात आहेत. मोल्वितिनोचे चर्च आजही उभे आहे. त्यात इव्हान सुसानिन या लोकनायकाच्या पराक्रमाविषयीचे संग्रहालय आहे.