आरोग्याच्या कामासाठी छोटा सीएसआर निधी: अर्ज नेमका कुठे अडतो

कंपन्यांच्या सीएसआरमधून (कंपन्यांनी समाजासाठी कायद्याने करायचा खर्च) गाव-वस्तीतल्या आरोग्याच्या कामाला काही लाखांचे छोटे निधी मिळतात हे आता बहुतेक संस्थांना कळलंय आणि अर्जही भरपूर जातात. पण त्यातले कितीतरी अर्ज काम कसं आहे हे कुणी बघायच्या आधीच बाजूला पडतात, कारण कागद जुळत नाहीत. अडतंही दरवेळी त्याच चार-पाच ठिकाणी, म्हणून बाकीचं पटकन उरकतो आणि तिथे जरा थांबतो. सगळं महाराष्ट्रातल्या संस्थांना धरून लिहिलंय.

पैसा येतो कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे. ज्या कंपनीची नेटवर्थ (देणी वजा करून उरणारी मालमत्ता) ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असेल तिला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. कशावर करायचे ते परिशिष्ट ७ मध्ये आहे. त्यात पहिल्या मुद्द्यात भूक, कुपोषण, आरोग्य, स्वच्छता, पिण्याचं पाणी आहे, आणि तिसऱ्यात सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास गटांच्या वाट्याला येणारी विषमता कमी करणं आहे. हा तिसरा मुद्दा कुणी फारसा लिहितच नाही, तुम्ही दोन्ही लिहा.

पात्रता: नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्ट, सोसायटी किंवा सेक्शन ८ कंपनी (नफा न वाटणारी). शिवाय आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) अशा दोन्ही नोंदण्या, आणि कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-१ नंबर, जो १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. हा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, विश्वस्ताची डिजिटल सही आणि सीए किंवा सीएसचं (कंपनी सेक्रेटरी) प्रमाणीकरण लागतं. सरकारच्या एनजीओ दर्पण पोर्टलचा नंबर जवळपास सगळ्या कंपन्या मागतात, तोही काढून ठेवा आणि त्यातली विश्वस्तांची नावं अपडेट करा, जुना अध्यक्ष तिथे वर्षानुवर्षं बसून असतो. बचत गट, तरुण मंडळ, नोंदणी नसलेला ग्रुप यांना थेट पैसे मिळत नाहीत, उगाच आशेवर राहू नका. नोंदणी असलेल्या संस्थेबरोबर मिळून करा, आणि खर्च अगदीच छोटा असेल तर गावातल्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी येतो, तो कुठे गेला ते आधी विचारा.

आता अडणाऱ्या जागा. पहिली म्हणजे ३ वर्षांचा अनुभव. लोक समजतात संस्था नोंदवून ३ वर्षं झाली की झालं. नियमात आहे ते "तशाच प्रकारच्या कामाचा" किमान ३ वर्षांचा अनुभव. म्हणजे ८ वर्षं शाळेत वह्या वाटल्या आणि आता कुपोषणावर अर्ज केला तर समोरचा प्रश्न विचारणारच. आणि खरं दुखणं पुढे आहे: पुष्कळ संस्थांनी आरोग्याचं काम खरोखर केलेलं असतं, पण ऑडिटमध्ये ते दिसत नाही. सीएने सगळा खर्च "सामाजिक कार्य खर्च" या एका ओळीत घातलेला असतो, ज्यात शिबिर पण आलं, वृक्षारोपण पण आलं आणि हळदीकुंकू पण आलं. कंपनीचा माणूस फक्त ताळेबंद बघतो, तुमच्या गावात येत नाही. त्यामुळे या वर्षीपासूनच सीएला सांगा की आरोग्याचा खर्च वेगळ्या हेडखाली दाखवा. मागची ऑडिट बदलता येत नाहीत, त्यासाठी खर्चाची फोड सीएच्या सहीच्या पत्रावर घ्या. सोबत संस्थेच्या घटनेत किंवा ट्रस्ट डीडमध्ये उद्देशांत आरोग्य हा शब्द आहे का तेही बघा, नसेल तर हाच मुद्दा पुढे काढला जातो.

दुसरी जागा, १२ए ची तारीख. इथे भलेभले चुकतात. २०२१ मध्ये सगळ्यांना नव्याने नोंदणी करावी लागली आणि ५ वर्षांची ऑर्डर मिळाली, तिच्यावर लिहिलंय "असेसमेंट इयर २०२२-२३ ते २०२६-२७". ते बघून लोक म्हणतात मार्च २०२७ पर्यंत निवांत. पण असेसमेंट इयर (करआकारणीचं वर्ष) आर्थिक वर्षाच्या एक वर्ष पुढे असतं, म्हणून असेसमेंट इयर २०२६-२७ म्हणजे आर्थिक वर्ष २०२५-२६, म्हणजे मुदत ३१ मार्च २०२६ ला संपते. आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ६ महिने आधी करायचा असतो, म्हणजे या ऑर्डरीसाठी शेवटची तारीख पडली ३० सप्टेंबर २०२५. दीड वर्ष हातात आहे असं वाटत असताना तारीख गेलेली असते. प्रोव्हिजनल म्हणजे ३ वर्षांची ऑर्डर असेल तर आणखी घोळ: काम सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत किंवा मुदत संपायच्या ६ महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा अर्ज. तारीख हुकली तर उशीर माफ करायचा अधिकार २०२४ च्या दुरुस्तीने आयकर आयुक्तांना दिलाय, कारण पटलं तर माफ होतो, पण त्यावर निधीचं प्लॅनिंग करू नका. छोट्या संस्थांना आता १२ए ची नोंदणी १० वर्षांची मिळू शकते, त्यामुळे १२ए आणि ८०जी च्या मुदती वेगवेगळ्या असू शकतात, दोन्ही ऑर्डरी समोर ठेवून तारखा वाचा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत आणि असेसमेंट इयरऐवजी "टॅक्स इयर" आहे, म्हणून कंपनीच्या फॉर्मवर जुना नंबर आणि तुमच्या ऑर्डरीवर नवा असं दिसलं तर घाबरू नका, एक ओळीचं पत्र जोडा.

तिसरी जागा सगळ्यात वाईट, शेड्यूल वन, म्हणजे धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या तुमच्या संस्थेच्या नोंदीचा उतारा. कंपनी म्हणते सध्याच्या विश्वस्तांची नावं असलेला धर्मादाय कार्यालयाचा उतारा द्या. साधी मागणी वाटते. पण विश्वस्त बदलले की ९० दिवसांत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट (बदल अहवाल) दाखल करायचा, तो मंजूर झाला की मगच शेड्यूल वनवर नवी नावं चढतात, आणि मंजूर व्हायला किती वेळ लागतो ते ज्याने दाखल केलाय त्याला विचारा. मागचा रिपोर्ट पडून असला की पुढचाही त्यामागे अडकतो, साखळीच. मग उताऱ्यावर दोन विश्वस्त वारलेले, एक परगावी गेलेला, आणि जो अर्जावर सही करतोय त्याचं नावच नाही. कार्यालयाने कागद द्यायचा नाही आणि त्या कागदावाचून दुसऱ्यांनी अर्ज नाकारायचा, आणि मध्ये संस्था! २०१७ च्या दुरुस्तीने बदलाला तात्पुरती मान्यता द्यायची सोय झालीय, ती वकिलाला सांगून मागा, न मागता सहसा मिळत नाही. तोवर मंजूर शेड्यूल वनची नक्कल, प्रलंबित चेंज रिपोर्टची पोच नंबरसकट, नव्या कार्यकारिणीच्या निवडीचा ठराव आणि सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव असा एकच सेट करा आणि अर्जाबरोबर आधीच द्या. त्यांनी विचारल्यावर दिलं की लपवल्यासारखं दिसतं, आधी दिलं तर बऱ्याच कंपन्या चालवून घेतात. आणि चेंज रिपोर्ट दाखलच केला नसेल तर आजच करा, निधीचं नंतर बघू.

नावाचा फरक हाही असाच छळ आहे. नोंदणीपत्रावर "मंडळ", पॅनवर "संस्था", बँकेत स्पेलिंग तिसरंच. माणसाला कळतं एकच संस्था आहे, पोर्टलला कळत नाही. पॅन दुरुस्त करणं सगळ्यात सोपं, तिथून सुरुवात करा, बाकी बदल त्याला जुळवून घ्या.

ग्रामसभेचा ठराव मागितला की लोक ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव आणतात. दोन्ही वेगळे. मासिक सभा सदस्यांची, ग्रामसभा सगळ्या मतदारांची. वर्षाला किमान ४ ग्रामसभा होतात, सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे एक चुकली की दीड ते चार महिने गेले. विषयपत्रिकेवर आधी विषय घालून घ्यावा लागतो, "आयत्या वेळचे विषय" मध्ये ढकलला तर नंतर कुणीतरी हरकत घेतो. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते, तिचा ठराव मोठ्या गावाच्या ठरावापेक्षा कधीही भारी. प्राथमिक आरोग्य केंद्राचं सहकार्याचं पत्र घेताना ते डॉक्टरांच्या नावाने नको, पदाच्या नावाने आणि जावक क्रमांकासह घ्या, बदली झाली की नावाचं पत्र रद्दी.

आता खुद्द प्रस्तावाबद्दल, कारण कागद पूर्ण असूनही इथे पडणारे कमी नाहीत. विषमता कमी करायची म्हणून निधी मागायचा आणि आत लिहायचं "भव्य मोफत आरोग्य शिबिर". शिबिराला जो रस्त्याजवळ राहतो, ज्याची मजुरी बुडत नाही, जो चालू शकतो तोच येतो, म्हणजे ज्यांना आधीच थोडंफार मिळतंय त्यांनाच अजून मिळतं. प्रस्तावात रोग किती आहे हे नाही तर फरक कुणामध्ये किती आहे हे दिसायला हवं. समजा मुख्य गावात ४० पैकी ३८ बाळंतपणं दवाखान्यात झाली आणि त्याच गावाच्या पाड्यावर १५ पैकी ६, तर हा तुमचा मुद्दा, आणि वर्षाच्या शेवटी हा फरक किती उरला हेच मोजमाप. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१ चे आकडे जिल्ह्यापर्यंतच येतात, पाडा त्यात दिसत नाही, त्यामुळे ते एका ओळीत टाका आणि खरे आकडे आशाताई आणि उपकेंद्राकडून लेखी मागा, फक्त एकूण आकडे, नावं नकोत. उपकेंद्र सपाट भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला असावं असा निकष आहे, तुमच्याकडे किती लोकांना एक आहे आणि मध्ये ओढा किती महिने भरलेला असतो ते लिहा, याला कुणी खोडून काढू शकत नाही. फरक कशामुळे पडतो तेही तिथल्या बायकांना विचारून लिहा, बऱ्याचदा उत्तर औषधाचं नसतंच, गाडीचं किंवा कागदाचं असतं.

शिबिर, रक्ततपासणी असं काही असेलच तर सुया-कापसाची विल्हेवाट कोण लावणार ते लिहा. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम शिबिरांनाही लागू आहेत आणि बजेटमध्ये ही ओळ जवळपास कुणीच घालत नाही.

बजेटमध्ये अजून एक गैरसमज: "प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही". ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. प्रकल्प राबवणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन, प्रवास, देखरेख हा प्रकल्पाचा थेट खर्च, तो त्या ५ टक्क्यांत येत नाही. काही कंपन्यांचे अधिकारीही चुकीचं सांगतात, नम्रपणे नियम दाखवा. नाहीतर ज्या बाईवर सगळं काम उभं तिलाच बजेटमध्ये जागा नसते.

वेळेचं गणित असं की कंपनी वर्षाचा कृती आराखडा मंजूर करून घेते आणि त्यानुसार खर्च करते, म्हणून एप्रिलच्या आधी भेटलेलं बरं. जानेवारी-फेब्रुवारीत अचानक फोन येतात तो उरलेला पैसा असतो. तो घ्यायला हरकत नाही पण लक्षात ठेवा, कंपनी मंत्रालयाच्या २०२१ च्या खुलाशानुसार संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे खर्च झाला असं धरत नाहीत, संस्थेने वापरले की मगच खर्च. त्यामुळे फेब्रुवारीत आलेल्या पैशाचं सीएच्या सहीचं वापर प्रमाणपत्र मार्चअखेरीस मागतात आणि मग घाईत काहीतरी वस्तू विकत घेतल्या जातात. काम वर्षभराच्या पुढे जाणार असेल तर करारातच "ऑनगोइंग प्रोजेक्ट" लिहून घ्या. मग न वापरलेली रक्कम कंपनीला ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या अनस्पेंट खात्यात टाकता येते आणि पुढच्या ३ आर्थिक वर्षांत खर्च करता येते. मागाहून बोललात तर ती ओळ घालायला कुणी तयार होत नाही.

आणि परदेशी दात्याचा छोटा निधी कुणी देऊ केला तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही खात्यात घेऊ नका. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत फिरवून घेणंही २०२० च्या दुरुस्तीपासून बंद आहे, कुणी "आम्ही देतो फिरवून" म्हणालं तर तिथून उठा.