कम्युनिटी प्रिझर्व्हेशन ॲक्ट, मॅसॅच्युसेट्स

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचा २००० सालचा कायदा. व्यवहारात त्याला ‘सीपीए’ म्हणतात. गावाने स्वतः होऊन आपल्या मालमत्ता करावर अधिभार लावायचा, राज्याने त्यात भर घालायची आणि त्या निधीतून मोकळ्या जमिनी विकत घेऊन राखायच्या, जुन्या वास्तू जपायच्या व परवडणारी घरे उभी करायची, अशी त्याची मांडणी आहे. गव्हर्नर पॉल सेलुची यांनी १४ सप्टेंबर २००० रोजी त्यावर सही केली. यात पहिला पैसा गावाचा असतो. ज्या गावाने अधिभार लावला नाही, त्याला राज्याकडून या खात्यातले काहीच मिळत नाही.

पार्श्वभूमी : मॅसॅच्युसेट्समध्ये ३५१ शहरे व गावे (‘टाउन’) असून राज्याची सगळी जमीन त्यांच्यात वाटलेली आहे. कोणत्याही गावाच्या हद्दीत नाही असे रान तिथे नाही. त्यामुळे जमीन राखायची की तिच्यावर घरे होऊ द्यायची, हा प्रश्न शेवटी गावाच्याच दारात येतो. १९५७ च्या कायद्याने गावांना ‘कॉन्झर्वेशन कमिशन’ (संवर्धन समिती) नेमण्याची मुभा दिली. अमेरिकेत असे करणारे हे पहिले राज्य. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ‘सेल्फ-हेल्प’ योजनेखाली (आजचे नाव ‘लँड’) गावाने संवर्धनासाठी घेतलेल्या जमिनीच्या किमतीचा काही भाग राज्य परत देऊ लागले. ‘परत’ हा शब्द इथे महत्त्वाचा : आधी गावाने खिशातून खर्च करायचा, मग प्रतिपूर्ती मागायची. खिसाच रिकामा असेल तर योजना कागदावर राहते.

हा खिसा भरण्याची वाट बेटांनी दाखवली. नॅनटकेट बेटाने १९८३ साली ‘लँड बँक’ (जमिनी विकत घेऊन राखणारी सार्वजनिक संस्था) काढली आणि बेटावरील बहुतेक जमीनव्यवहारांत खरेदीदाराकडून २ टक्के शुल्क घ्यायला सुरुवात केली. १९८६ मध्ये मार्थाज व्हिनयार्ड बेटाने तोच मार्ग धरला. केप कॉड द्वीपकल्पावर मात्र जानेवारी १९९८ मध्ये असे हस्तांतर शुल्क मतदारांनी फेटाळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मालमत्ता करावरील ३ टक्के अधिभाराला तेथील सर्व १५ गावांनी होकार दिला. तीच रचना दोन वर्षांनी राज्यव्यापी सीपीएत दिसते.

अधिभार : कमाल ३ टक्के. हे ३ टक्के मालमत्तेच्या किमतीचे नसून कराचे असतात, आणि गैरसमज बहुधा इथेच होतो. समजा, घराचे मूल्य ६ लाख डॉलर आणि कराचा दर हजारी १० डॉलर. कर झाला ६,००० डॉलर. निवासी मालमत्तेच्या पहिल्या १ लाख डॉलरना सूट देण्याचा पर्याय गावाने स्वीकारला असेल, तर अधिभारासाठी ५,००० डॉलर कर धरतात आणि ३ टक्क्यांनी वर्षाला १५० डॉलर होतात. आपल्याकडे घरपट्टीच्या बिलात वृक्ष उपकराची ओळ असते, तशीच ही बिलातली वेगळी ओळ. ॲक्टन, वेस्टफर्ड यांसारख्या बॉस्टनभोवतीच्या गावांत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या ती परिचयाची आहे. मालमत्ता कराच्या वाढीवर १९८० पासून या राज्यात कायद्याची मर्यादा आहे. सीपीएचा अधिभार तिच्या बाहेर ठेवलेला आहे.

अधिभार लावण्याचा निर्णय मतपेटीतूनच होतो. प्रश्न मतपत्रिकेवर आणण्यासाठी गावाच्या सभेचा ठराव किंवा ५ टक्के नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागतात. एकदा स्वीकारला की पाच वर्षे तो मागे घेता येत नाही.

खर्चाची पद्धत : दरवर्षीच्या निधीपैकी किमान १० टक्के मोकळ्या जमिनी, १० टक्के ऐतिहासिक वास्तू आणि १० टक्के परवडणारी घरे यांसाठी खर्च करावे किंवा राखून ठेवावे लागतात. उरलेला बराचसा भाग या तिहींत व क्रीडा-करमणुकीच्या जागांत कसाही वाटता येतो. केंब्रिज शहराने ८० टक्के घरांसाठी आणि बाकी दोहोंसाठी १०-१० टक्के असे वाटप वर्षानुवर्षे केले आहे. ‘जमीन राखण्याचा कायदा’ एवढीच त्याची ओळख करून देणे म्हणूनच अपुरे.

प्रस्तावांची छाननी ५ ते ९ सदस्यांची समिती करते. तिची शिफारस ‘टाउन मीटिंग’पुढे, म्हणजे ग्रामसभेशी बरेच साम्य असलेल्या सभेपुढे जाते. सभा रक्कम कमी करू शकते, प्रस्ताव फेटाळू शकते. पण रक्कम वाढवू शकत नाही आणि समितीने न सुचवलेल्या कामाला पैसे देऊ शकत नाही. जमीन व्यावसायिक मूल्यांकनापेक्षा जास्त भावाने घ्यायची नाही, असेही बंधन आहे.

हाताशी निधी असण्याचे मोल मॅसॅच्युसेट्सच्या आणखी एका नियमामुळे वाढते. वनजमीन, शेतजमीन किंवा मोकळी क्रीडाजमीन म्हणून करसवलत घेणाऱ्या मालकाने ती बांधकामासाठी विकायला काढली, की गावाला खरेदीचा पहिला हक्क मिळतो. बिल्डरने देऊ केलेल्या किमतीइतकी रक्कम देऊन गाव ती घेऊ शकते किंवा हा हक्क एखाद्या संवर्धन संस्थेकडे सोपवू शकते. मुदत १२० दिवसांची. एवढ्या काळात मूल्यांकन, सभा, ठराव आणि पैसा हे सगळे जुळवायचे म्हणजे धावपळच. सीपीएचा राखीव निधी असलेले गाव निदान पैशाच्या बाजूने निर्धास्त असते.

या निधीतून घेतलेल्या जमिनीवर, ती ठरलेल्या कामासाठीच वापरली जाईल असा, कायमचा निर्बंध नोंदवावा लागतो. त्याशिवाय राज्यघटनेतील १९७२ च्या दुरुस्तीनुसार संवर्धनासाठी घेतलेली सार्वजनिक जमीन दुसऱ्या कामाकडे वळवायची तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. कायदा झाल्यापासून ३० हजार एकरांहून अधिक जमीन या निधीच्या मदतीने राखली गेली आहे.

राज्याचा वाटा : राज्याची भर मुख्यतः अर्थसंकल्पातून येत नाही. दस्तनोंदणी कार्यालयात खरेदीखत, गहाणखत यांसारखे दस्त नोंदताना बहुतेकांवर २० डॉलर अधिभार घ्यायचा, तो एका विश्वस्त निधीत जमा करायचा आणि वर्षातून एकदा सहभागी गावांना वाटायचा, अशी ही योजना. पहिले वाटप २००२ मध्ये झाले. तेव्हा गावे थोडी होती आणि घरांचा बाजार तेजीत होता. त्यामुळे २००७ पर्यंत गावाच्या एका डॉलरला राज्याचा एक डॉलर पडत राहिला. मग बाजार कोसळला. दस्त कमी झाले आणि वाटेकरी वाढतच गेले : २००८ मध्ये भर ६७ टक्क्यांच्या आसपास आली आणि पुढे २०१७ मध्ये तर १७ टक्क्यांवर. जितकी गावे कायदा स्वीकारतील तितका प्रत्येकाचा वाटा बारीक होणार, हे गणित मुळातच होते. डिसेंबर २०१९ च्या अखेरीस अधिभार २० वरून ५० डॉलर करण्यात आला. त्यानंतर व्याजदर घसरले, लोकांनी गृहकर्जे नव्याने करून घेतली, दस्तांचा ओघ वाढला आणि २०२१ मध्ये भर ४० टक्क्यांच्या पुढे गेली. व्याजदर चढताच ती पुन्हा उतरली.

कायदा करणाऱ्यांना हे बहुधा आधीच दिसत होते. जमीनखरेदीसाठी गाव रोखे काढू शकते, पण ते स्वतःच्या अधिभाराच्या भरवशावर. राज्याकडून येणाऱ्या रकमेच्या भरवशावर कर्ज उभारता येत नाही. राज्याचे वाटप फेऱ्याफेऱ्यांनी होते; पूर्ण ३ टक्के अधिभार लावणाऱ्या गावांना मात्र पहिल्या फेरीनंतरच्या जादा फेऱ्यांचाही लाभ मिळतो.

आक्षेप : दस्तावरचा अधिभार राज्यातले सगळे भरतात, पण परतावा सीपीए स्वीकारलेल्या गावांनाच. सुरुवातीला ही बरीचशी सुखवस्तू उपनगरे होती. गरीब शहरांतील खरेदीदारांच्या पैशातून श्रीमंत गावांची राने राखली जातात, ही टीका त्यामुळे बिनबुडाची नव्हती. शिवाय दाट वस्तीच्या शहरात विकत घ्यायला मोकळी जमीनच कुठे असते? २०१२ च्या दुरुस्तीने जुनी उद्याने व मैदाने सुधारण्यासाठीही निधी वापरण्याची परवानगी दिली, तेव्हा शहरांना त्यात रस वाटू लागला. २००१ मध्ये कायदा नाकारणाऱ्या बॉस्टनने २०१६ मध्ये १ टक्का अधिभार मान्य केला. त्याच वर्षी स्प्रिंगफील्डने आणि २०२२ मध्ये वुस्टरने दीड टक्क्याला होकार दिला. आज ३५१ पैकी निम्म्याहून अधिक शहरे-गावे या कायद्याखाली आहेत.