इंग्रजीच्या तासाला मातृभाषेची बंदी आली कुठून?

इंग्रजी शिकवताना मध्येच मुलांच्या भाषेत समजावलं, की अनेक शिक्षकांना आजही चोरट्यासारखं वाटतं. तपासणीला कोणी आलं, की वर्ग तेवढ्यापुरता 'फक्त इंग्रजी' होतो. ही धास्ती जेमतेम दीडशे वर्षांची आहे.

त्याआधी युरोपात व्याकरण-भाषांतर पद्धत चालायची. नियम पाठ करा, वाक्यांची भाषांतरं करा. बोलणं जवळजवळ नाहीच. 1882 मध्ये जर्मनीत विल्हेल्म फिएटोर यांनी तिच्यावर टीका करणारी पुस्तिका काढली. ती टीका रास्तच होती. पण मातृभाषेला वर्गाबाहेर काढण्यात मोठा वाटा खासगी भाषाशाळांचा. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी 1878 मध्ये अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथे शाळा सुरू केली. ते आजारी पडले आणि इंग्रजी न येणाऱ्या फ्रेंच सहायकाने खाणाखुणांनी वर्ग चालवला. परत येऊन पाहतात तर विद्यार्थी फ्रेंच बोलत होते, असं संस्थेच्या इतिहासात सांगितलं जातं. यात व्यवहाराची सोयही होती. वेगवेगळ्या भाषांचे विद्यार्थी एका वर्गात बसवता येत आणि शिक्षकाला त्यांची भाषा येण्याची गरज उरत नसे.

1961 मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे इंग्रजी कसं शिकवावं यावर राष्ट्रकुल देशांची परिषद झाली. तिथे रूढ झालेल्या विचारातून भाषाभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 मध्ये पाच गृहीतकं वेगळी काढली. 'इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं' हे त्यातलं एक. पाचही त्यांनी भ्रम ठरवली. माझ्या मते हा निवाडा फार उशिरा आला. तोवर वसाहतींतून स्वतंत्र झालेल्या देशांत तोच नियम शिक्षकांच्या अंगवळणी पडला होता.

पर्याय मात्र आधीच मांडला गेला होता. वेल्समध्ये सी. जे. डॉडसन यांनी 1967 मध्ये द्विभाषिक पद्धत मांडली. शिक्षक म्हणतो, 'आय अ‍ॅम लुकिंग फॉर माय पेन.' लगेच मुलांच्या भाषेत अर्थ, 'मी माझं पेन शोधतोय', आणि मग पुन्हा इंग्रजी वाक्य. मुलं इंग्रजी वाक्य म्हणतात. अर्थाला काही सेकंद लागतात, उरलेला वेळ सरावाला मिळतो. वेल्समध्येच 1994 मध्ये सेन विल्यम्स यांनी एका भाषेत वाचून दुसरीत लिहिण्या-बोलण्याची रीत मांडली. तिलाच पुढे 'ट्रान्सलँग्वेजिंग' नाव रूढ झालं.

तरी जुना नियम गेला नाही. जपानने 2013 पासून उच्च माध्यमिक शाळांत इंग्रजीचा तास शक्यतो इंग्रजीतूनच घेण्याचं धोरण लागू केलं. महाराष्ट्रात 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. ते शिकवायचं होतं पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या शिक्षकांनी, आणि त्यांच्यासमोर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलांना घरी इंग्रजीचा एक शब्दही ऐकू येत नव्हता.