शर्यत सुटल्यावर शिलाई : सायकलपटूंच्या कपडे-व्यवसायाची पार्श्वभूमी

सायकल शर्यतीसाठी शिवलेली जर्सी घालून आरशासमोर सरळ उभे राहिले, तर ती बिघडलेली वाटते. पोटाशी आखूड, पाठीमागे लांब, खांद्यात आवळलेली आणि बाह्या पुढच्या बाजूला ओढलेल्या, असा तिचा बेत असतो; गावातल्या एखाद्या मुरलेल्या टेलरलाही हा कटिंगचा दोष वाटावा. तोच माणूस सायकलवर बसून हँडलच्या खालच्या वळणाला हात घालतो, तेव्हा आखूडपणामुळे पोटाशी चुणी पडत नाही, मागची लांबी कंबर झाकते आणि पाठीवरचे तीन खिसे न पाहता हाताला लागतात. उभ्या गिऱ्हाइकाचे माप घेण्यात आयुष्य गेलेल्या कारागिराला हे सांगावे लागते, पण सीटवर वर्षे काढलेल्या माणसाला ते अंगानेच ठाऊक असते. निवृत्त सायकलपटू खेळाच्या कपड्यांच्या धंद्यात पडतो तेव्हा त्याच्याजवळचे खरे भांडवल हे असते. पदकांचा उपयोग फार तर दुकानाच्या भिंतीपुरता.

या धंद्याची मुळे इटलीत सापडतात. मिलान शहरात व्हित्तोरे जान्नी या शिंप्याने १८७६ मध्ये सुरू केलेले दुकान पुढे खेळाडूंचे कपडे शिवू लागले. १९३५ मध्ये तिथे कामाला लागलेल्या आर्मांदो कास्तेल्ली यांनी काही वर्षांतच ते दुकान विकत घेतले. त्या काळी जर्सी लोकरीची असे. घामाने आणि पावसाने ती जड होई आणि खिशांत भाकरतुकडा व पंक्चरचे साहित्य भरले की खाली लोंबे. फाउस्तो कोप्पीसारख्या विजेत्यांसाठी याच दुकानाने रेशमी जर्सी शिवल्या, त्या वजनाला हलक्या असत म्हणून. चड्डीचा प्रश्न अधिक नाजूक होता. सीटवर घासणाऱ्या भागाला आतून मऊ चामड्याचा तुकडा शिवलेला असे. एकदा धुतला की तो वाळून पापडासारखा कडक होई आणि पुन्हा मलम चोळून मऊ करावा लागे. खेळाडूंना होणारी गळवे हा त्या काळच्या शर्यतींचा नित्याचा भाग होता, आणि त्यामुळे भल्याभल्यांना शर्यत अर्धवट सोडावी लागत असे.

बदल आला तो रसायनशाळेतून. १९५८ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी ताणला तरी पूर्ववत होणारा धागा तयार केला आणि तो पुढे लायक्रा या नावाने बाजारात आला. सायकलच्या चड्डीत मात्र तो रुळायला दोन दशके जावी लागली. कास्तेल्लींच्या पुढच्या पिढीने १९७७ च्या सुमारास लायक्राची चड्डी आणली, आणि लोकरीचे दिवस भराभर संपले.

आपल्या विषयाशी अधिक जवळचे उदाहरण चेंचो मांतोवानी यांचे आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सांघिक परस्यूट (धावपट्टीवर चौघांच्या दोन संघांनी एकमेकांचा पाठलाग करण्याच्या) शर्यतीत रौप्यपदक मिळवणाऱ्या इटलीच्या चौकडीत ते होते. १९७० मध्ये त्यांनी मांतुआ परिसरात सायकलपटूंचे कपडे शिवण्याचा उद्योग सुरू केला. 'नालिनी' हे नाव त्यातूनच पुढे आले आणि टूर द फ्रान्समध्ये उतरणाऱ्या अनेक संघांच्या जर्सी तिथे शिवल्या गेल्या. त्याच टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताचेही सायकलपटू होते, आणि त्यानंतर २०२४ च्या पॅरिसपर्यंत एकही भारतीय सायकलपटू ऑलिम्पिकमध्ये उतरलेला नाही. एकाच स्पर्धेतून परतलेल्या दोन देशांत हा खेळ किती वेगवेगळ्या वाटांनी गेला, हे यावरून कळते.

मराठवाड्यात सायकल आली ती कामाची वस्तू म्हणून. दूधवाला, पोस्टमन, शाळामास्तर आणि जिनिंगवर जाणारा मजूर यांची ती गाडी होती आणि पोरांच्या वाट्याला ती तासाच्या भाड्याने येई. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, महाराष्ट्रातील शर्यतींची परंपरा मात्र पुणे, मुंबई, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात वाढली; बोरघाट चढून जाणारी मुंबई-पुणे शर्यत आणि तिचा 'घाटांचा राजा' हा किताब हे तिचे ठळक रूप. मराठवाड्यातील मुले त्या शर्यतींना पाहुण्यासारखी जात. जिल्हा पातळीवरच्या शर्यतीत बनियन आणि कबड्डीची चड्डी घालून उतरलेली मुले मी स्वतः पाहिली आहेत. शर्यत संपल्यावर ती पाय फाकून चालत आणि लोक हसत. त्या चालण्यामागे शिलाईचा प्रश्न आहे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आले नाही.

खेळ संपल्यावर काय, हा प्रश्न या मुलांना लवकर गाठतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि सेनादलांचे सायकल संघही आहेत. परंतु तिथवर पोहोचणारे थोडेच असतात. उरलेल्यांपैकी बहुतेक जण शेतीकडे किंवा घरच्या दुकानाकडे वळतात, आणि एखादाच कापडाच्या कडा बांधून शिवणारे ओव्हरलॉक मशिन विकत घेतो.

त्याला गिऱ्हाईक मिळू लागले ते अलीकडच्या हौशी सायकलस्वारांमुळे. फ्रान्समध्ये उगम पावलेल्या ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीच्या प्रकारात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ६०० साठी ४० तास अशी मुदत असते. कुणाला हरवायचे नसते, मुदतीत पोहोचायचे असते. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली, तेव्हापासून डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी अशा मंडळींतही लांब पल्ल्याची ओढ वाढली. दौलताबादहून खुलताबादकडे चढणारा घाट किंवा बीडजवळचा मांजरसुंबा घाट इथे पहाटे रंगीत जर्सीतले गट दिसतात. पारा चाळिशीपार जाणाऱ्या या प्रदेशात १३ तास सीटवर बसायचे, तर चड्डीच्या आतल्या मऊ पॅडची जाडी आणि कापडाचा पोत ही चैनीची बाब राहत नाही.

इथे एक विसंगती आहे आणि ती मला सतत टोचते. मराठवाडा हा कापसाचा मुलूख आहे. नांदेडचा गावरानी कापूस, 'नांदेड-४४' हे एकेकाळी शेतोशेती पेरले गेलेले वाण, औरंगाबादची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची कापड गिरणी, नांदेडची उस्मानशाही मिल, पैठणी आणि हिमरू, एवढे सगळे पाठीशी असताना सायकलच्या जर्सीत कापसाचा धागाही नसतो. कापूस घाम शोषून धरून ठेवतो आणि अंगाला चिकटतो. पॉलिस्टर तो पृष्ठभागावर पसरवून वाळू देते. छपाईचेही तेच. सब्लिमेशन पद्धतीत कागदावरची शाई सुमारे २०० अंश तापमानाला थेट वायुरूप होऊन तंतूत शिरते, आणि ती धरून ठेवायला पॉलिस्टरच लागते. सुती कापडावर तेच नक्षीकाम दोन धुण्यांत उडून जाते. म्हणून कापड सुरतेहून किंवा तिरुपूरहून येते, पॅड बहुधा परदेशातून, आणि छपाई अनेकदा जॉबवर्कने बाहेर करून घ्यावी लागते.

जागेवर उरते ते कटिंग आणि शिलाई. मात्र माल पसंत पडतो की परत येतो, हे तिथेच ठरते. मांडीच्या आतून जाणारी शिवण ओव्हरलॉकने घातली तर तिला कड राहते, आणि ती कड ८० किलोमीटरनंतर ब्लेडसारखी लागते. तिथे चार सुयांची सपाट फ्लॅटलॉक शिवण हवी. पॅडचे टाके एखाद-दीड सेंटिमीटर पुढे सरकले तरी चड्डी वाया जाते. शालेय गणवेशावर हात बसलेल्या कारागिराला हा फरक तोंडी सांगून पटत नाही. म्हणून या धंद्यातला जाणता माणूस कटिंगच्या टेबलाशेजारी स्टँडवर एक जुनी सायकल उभी करून ठेवतो, आणि गिऱ्हाइकाला आधी तिच्यावर बसवून मगच टेप काढतो.