पूर्ण काढावी की थोडी ठेवावी? क्रेनिओफॅरिंजिओमाच्या उपचारांमागचा इतिहास

क्रेनिओफॅरिंजिओमा हा कॅन्सर नव्हे. वर्षाला दहा लाखांत जेमतेम एक-दोन जणांना होणारी, मेंदूच्या तळाशी सावकाश वाढणारी ही गाठ. पण जागा अशी अडचणीची, की खाली शरीरातल्या हार्मोनांवर ताबा ठेवणारी पिट्युटरी ग्रंथी, शेजारी दृष्टीच्या नसा आणि वर भूक-तहान सांभाळणारा हायपोथॅलॅमस.

गर्भाच्या तोंडाच्या छतातून एक पिशवी वर सरकते आणि तिच्यापासून पिट्युटरीचा पुढचा भाग तयार होतो. मार्टिन राथके यांनी १८३८ मध्ये तिचे वर्णन केले. त्या वाटेत मागे राहिलेल्या पेशींपासून ही गाठ होते, असे व्हिएन्नाचे याकोब एर्डहाइम यांनी १९०४ मध्ये मांडले. या गाठीत दिसणाऱ्या दातांच्या अंकुरासारख्या पेशी मेंदूच्या तळाशी कशा येतात, हे कोडे त्यामुळे बरेचसे सुटले.

निदान तेव्हा लक्षणांवरूनच व्हायचे: नजर मंदावलेली, मुलाची उंची खुंटलेली, सतत तहान. पुढे क्ष-किरणांत पिट्युटरीच्या वर दिसणारे कॅल्शियमचे ठिपके मोठा पुरावा ठरले. शिकागोचे सर्जन हॉलस्टेड यांनी १९०९ मध्ये नाकाच्या वाटेने शस्त्रक्रिया केली. हार्वे कुशिंग यांच्यासारख्या निष्णात सर्जनलाही ही गाठ पुरून उरली. शस्त्रक्रिया नीट होऊनही रुग्ण दगावत, कारण शरीराला ताण पेलण्यासाठी लागणारे हार्मोनच कमी पडे.

माझ्या मते खरा बदल सुरीने नव्हे, ही उणीव भरून काढणाऱ्या कॉर्टिझोन या औषधाने घडवला. १९५० नंतर ते मिळू लागले आणि बोस्टनचे सर्जन डोनाल्ड मॅटसन मुलांमधली गाठ पूर्ण काढण्याचा आग्रह धरू शकले. मुले जगली, पण काहींची भूक काही केल्या शमेना, वजन आवरेना, आणि हार्मोनची औषधे जन्मभराची झाली. १९६१ मध्ये सायमन क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट दाखवली: मर्यादित शस्त्रक्रिया आणि नंतर रेडिएशन. सीटी, एमआरआय, एंडोस्कोप आले, तरी हा वाद मिटला नाही.

२०१४ मध्ये मुख्यतः प्रौढांत आढळणाऱ्या पॅपिलरी प्रकारात बीआरएएफ जनुकातला बदल सापडला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्यावर नेमका मारा करणाऱ्या दोन गोळ्यांनी १६ पैकी १५ रुग्णांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. लहान मुलांमधल्या प्रकारात मात्र बिघाड वेगळ्याच जनुकात असतो. त्या गोळ्या तिथे उपयोगाच्या नाहीत, आणि सर्जनपुढे मॅटसन-क्रेमर यांच्या काळातलाच प्रश्न उभा राहतो.