कलर गार्ड डिझायनर आणि इन्स्ट्रक्टर (व्यवसाय)

अमेरिकेत हायस्कूल-कॉलेजच्या मार्चिंग बँडसोबत झेंडे, लाकडी रायफली आणि सेबर (वाकडी तलवार) फिरवत नाचणारी जी टीम असते तिला कलर गार्ड म्हणतात. तिला शिकवतो तो इन्स्ट्रक्टर, शो रचतो तो डिझायनर. छोट्या शाळेत दोन्ही एकच माणूस असतो आणि झेंड्यांना इस्त्री, फाटलेल्या ड्रेसला टाका, बसमधली हजेरी हेही त्याच्याच गळ्यात पडतं. मूळ प्रकार लष्करी, निशाणाचं रक्षण करणाऱ्या तुकडीचा, पण आता त्यात बॅले आणि मॉडर्न डान्स इतका शिरलाय की नव्या माणसाला लष्कर शोधावंच लागतं.

यावर पोट भरतं का? भरतं, पण एका शाळेच्या जोरावर सहसा नाही. बहुतेकांना महिन्याचा पगार नसतो, सीझनचा ठरलेला स्टायपेंड मिळतो. तो स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ देतं, नाहीतर बँड बूस्टर्स म्हणजे पालकांची संघटना फी, देणग्या आणि मॅचच्या दिवशीचे खाण्याचे स्टॉल यातून उभा करते, आणि तिथे पैसे कमी पडले की कात्री आधी बाहेरून आलेल्या स्टाफवर चालते. टेक्सासमधल्या काही मोठ्या शाळांत गार्ड डायरेक्टरची पूर्णवेळ नोकरी असते, पण ते नशीब थोड्यांचं.

वर्ष तीन तुकड्यांत जातं. उन्हाळा संपताना बँड कॅम्प म्हणजे सरावाचं शिबिर, मग नोव्हेंबरपर्यंत अमेरिकन फुटबॉलच्या मॅचेस आणि स्पर्धा, ते संपतं न संपतं तोच विंटर गार्ड, म्हणजे जिममध्ये (शाळेच्या खेळाच्या बंद हॉलमध्ये) व्हिनाइलचा रंगवलेला फ्लोअर अंथरून रेकॉर्डेड म्युझिकवर पाच-सहा मिनिटांचा शो. हे विंटर गार्ड इंटरनॅशनल या 1977 मध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या नियमांनी चालतं आणि एप्रिलमध्ये ओहायोतल्या डेटनला फायनल होते. उन्हाळ्यात ड्रम कोर, म्हणजे शाळांशी न जोडलेले, गावोगाव फिरून स्पर्धा करणारे मार्चिंग ग्रुप. तिथे स्टाफही मुलांसारखाच शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपत गावोगाव फिरतो, पैसे बेताचे, पण नाव झालं की पुढची कामं त्यातूनच येतात म्हणून सगळे जातात.

खरी मेख डिझाइनमध्ये आहे. इन्स्ट्रक्टर एका संध्याकाळी एकाच जिममध्ये असू शकतो, डिझायनर मात्र घरी बसून चार शाळांचे ड्रिल चार्ट (कोणी कधी कुठे उभं राहायचं त्याचे नकाशे), कोरिओग्राफीचे व्हिडिओ, झेंड्यांची नि फ्लोअरची डिझाइन्स पाठवू शकतो आणि प्रत्येकाचे वेगळे पैसे लावू शकतो. म्हणून वय वाढलं, खांदे-गुडघे कुरकुरायला लागले की जो तो इकडे सरकतो. पण इथे उभं राहायला आधी स्वतःच्या टीमचे चांगले निकाल गाठीशी असावे लागतात, आणि ते जिममध्येच घाम गाळून मिळतात. शिवाय गाण्याच्या परवानग्या आधी काढल्या नाहीत तर बसवलेला शो मध्येच बदलायची वेळ येते, ही कटकट नवख्यांना कोणी सांगत नाही.

परीक्षक म्हणूनही वीकेंडला पैसे मिळतात, फक्त आपण शिकवतो त्या टीमला मार्क द्यायचे नाहीत एवढं पाळावं लागतं.

करार बहुधा इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टरचा, म्हणजे नोकर नव्हे तर बाहेरचा कंत्राटी माणूस, आणि वर्ष संपल्यावर 1099 फॉर्म, म्हणजे अशा कमाईचा करासाठीचा कागद हातात येतो. त्या कमाईवर आयकर वेगळा आणि 15.3 टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (सरकारी पेन्शन आणि म्हातारपणच्या आरोग्य विम्यासाठीचा कर) वेगळा, आरोग्य विमा आपला आपण बघायचा. गाडीचे मैल लिहून ठेवले तर थोडी सूट मिळते आणि तीन शाळांत धावणाऱ्याला ती लागतेच. 2020 मध्ये कोविडमुळे डेटनची फायनल आणि उन्हाळ्याचा ड्रम कोर सीझन दोन्ही रद्द झाले, तेव्हा अशा करारावरच्या लोकांचं पुढच्या महिन्यांचं काम एकदम गेलं.

त्यामुळे बरेच जण दिवसा शाळेत डान्स किंवा दुसरा विषय शिकवतात, कोणी दुकानात नाहीतर ऑफिसात असतं, आणि संध्याकाळी गार्ड. पुढच्या वर्षीचं काम टिकेल का हे पुष्कळदा निकालापेक्षा बँड डायरेक्टरवर अवलंबून असतं. तो बदलला की नवा आपली डिझाइन टीम बरोबर घेऊन येतो, आणि जुन्याला फेब्रुवारी-मार्चपासूनच, म्हणजे ऐन विंटर सीझनमध्ये, दुसरी शाळा शोधायला लागते.